पिकअपवर पत्र्याचं छत घालताय? आधी त्याचं वजन कॅरेटमध्ये मोजा

प्रश्न जुन्नर तालुक्यातल्या एका तरुण गाडीमालकाचा आहे. १.३ टन पासिंगची (म्हणजे कायद्याने तेवढंच वजन भरता येतं अशी) बोलेरो पिकअप, हौदा नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद. नारायणगाव-ओतूर भागातून टोमॅटो आणि पालेभाजी भरायची, रात्री माळशेज उतरून कल्याणमार्गे वाशीचं मार्केट गाठायचं, येताना किराणा नाहीतर खताच्या गोण्या आणायच्या. ताडपत्री दर पावसाळ्यात फाटते, गाडी ढाब्यावर उभी केली की दोर कापून माल काढतात. म्हणून आता पक्कं पत्र्याचं छत करायचं आहे. एक फॅब्रिकेटर १८ गेजच्या लोखंडी पत्र्याची पूर्ण बंद बॉडी सुचवतो, दुसरा म्हणतो अ‍ॅल्युमिनियमच घ्या. दोघांतलं कोणतं घ्यावं, असं त्यांनी विचारलंय.

मी पंचवीस वर्षं छोट्या मालगाड्यांच्या बॉड्या बांधतोय. माझ्या मते दोन्ही फॅब्रिकेटर तुम्हाला धातू सांगतायत, पण तुमचा माल काय, हे दोघांनीही विचारलेलं दिसत नाही. तुमच्यासाठी या दोन्हीपैकी एकही योग्य नाही. कारण सविस्तर सांगतो, म्हणजे तुम्ही स्वतः हिशोब करू शकाल.

वजनापासून सुरुवात करू, कारण छताचा खर्च एकदाच होतो, वजन मात्र रोज वाहावं लागतं. लोखंडी पत्रा एक मिलिमीटर जाडीचा असेल तर एका चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. अ‍ॅल्युमिनियम तेवढ्याच जाडीला २.७ किलो. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर. तुमच्या हौद्यावर उभं राहता येईल अशी साडेपाच फूट उंचीची बंद बॉडी केली, त्यातले खालचे दीड फूट फाळक्यांचे (हौद्याच्या खाली पाडता येणाऱ्या बाजूंचे) धरले, तर छत, दोन बाजू, पुढची भिंत आणि मागची दारं मिळून साधारण १६५ चौरस फूट पत्रा लागतो. म्हणजे १५ चौरस मीटरहून थोडा जास्त. नुसता पत्रा झाला १४५ किलो. आतला सांगाडा २५ बाय २५ च्या चौकोनी पाइपचा, दोन मिलिमीटर जाडीचा, त्याचे पाऊणशे किलो. बिजागऱ्या, कड्या, रबर, रंग धरून सगळं २४० किलोच्या घरात जातं.

आता हे २४० किलो कॅरेटमध्ये मोजा. टोमॅटोचं भरलेलं कॅरेट २२ किलो धरलं तर तुमच्या पासिंगात ५९ कॅरेट बसतात. १८ गेजची बंद बॉडी बसवल्यावर राहतात ४८. म्हणजे प्रत्येक खेपेला अकरा कॅरेटची जागा छतानेच खाल्ली. वर्षाला दोनशे खेपा होत असतील तर बावीसशे कॅरेट. फॅब्रिकेटरने दिलेल्या अंदाजपत्रकात हा आकडा कधीच नसतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत मोठा खर्च आहे.

अ‍ॅल्युमिनियमने हे किती वाचतं? लोक समजतात तेवढं नाही. अ‍ॅल्युमिनियम हलकं आहे तसंच लवचिकही आहे, लोखंडाच्या तुलनेत त्याचा ताठपणा साधारण एकतृतीयांश. म्हणून १.२ च्या लोखंडी पत्र्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियम घेताना दोन मिलिमीटरचा घ्यावा लागतो. तोच १६५ चौरस फूट पत्रा आता ८३ किलोचा. सांगाडा लोखंडीच ठेवला तर एकूण १७५ किलो, सांगाडाही अ‍ॅल्युमिनियमचा केला तर १६० च्या आसपास, कारण तिथेही पाइप जाड आणि मोठा घ्यावा लागतो. दुसरीकडे लोखंडी पत्राच १.२ ऐवजी ०.८ मिलिमीटरचा, पण नाल्या पाडलेला घेतला, तर एकूण वजन १९० वर येतं. नाल्यांमुळे पातळ पत्राही ताठ राहतो, घराच्या पन्हळी पत्र्यासारखाच. म्हणजे पातळ नालीचं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात फरक राहिला पंधरा ते तीस किलोंचा, एक-दीड कॅरेटचा. आणि अ‍ॅल्युमिनियमचा किलोचा भाव लोखंडाच्या चारपटीच्या आसपास असतो.

यावरून अ‍ॅल्युमिनियम वाईट असं समजू नका. रत्नागिरी, मालवण पट्ट्यात मासळीची गाडी असेल, खारं वारं आणि बर्फाचं खारट पाणी रोजचं असेल, तर मी लोखंडाचं नाव काढणार नाही. तिथे ५०५२ जातीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा घ्यावा, समुद्राच्या हवेत तो चांगला टिकतो. फक्त लोखंडी सांगाड्यावर तो थेट बसवायचा नाही. दोन धातू एकमेकांना लागून राहिले आणि मध्ये खारं पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम सांध्यापाशी पांढरी भुकटी होऊन झडायला लागतं. मध्ये रबराची पट्टी, बोल्टला नायलॉनचं वॉशर, एवढं केलंच पाहिजे.

अ‍ॅल्युमिनियमबाबत माझ्या हातून झालेली एक चूकही सांगतो, तुमचा रस्ता घाटाचा आहे म्हणून. सुरुवातीच्या काळात मी एका गिऱ्हाइकाला पूर्ण अ‍ॅल्युमिनियमची बॉडी करून दिली. कोपरे सगळे वेल्डिंगचे, दिसायला सुरेख. आठ महिन्यांत वरच्या चारपैकी तीन कोपऱ्यांना तडे गेले. सांगाड्याला वापरतात ते ६०६१, ६०६३ जातीचे सेक्शन उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेले असतात. वेल्डिंगची आच लागली की सांध्याच्या आजूबाजूचा तो कडकपणा निघून जातो. त्यातून अ‍ॅल्युमिनियमला सततचे हेलकावे लोखंडाइतके सोसत नाहीत. ताण लहान असला तरी लाखो वेळा बसला की ते थकतं. घाटातल्या गाडीची बॉडी दर वळणाला पिळवटते, आणि सगळा पीळ कोपऱ्यात जमा होतो. ती बॉडी मी माझ्या खर्चाने उतरवली आणि कोपऱ्यांना आतून जाड गसेट पट्ट्या (सांधा बळकट करणारे पत्र्याचे तुकडे) लावून बोल्ट-रिव्हेटवर पुन्हा बांधली. तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा मी वेल्डिंगवर सोडत नाही. तुमच्या भागात हे काम नीट करणारा कारीगर नसेल, तर तेवढ्यासाठीसुद्धा लोखंड बरं, कारण ते कुठल्याही गावात दुरुस्त होतं.

आता उंची. साडेपाच फूट कशासाठी हवी? आत उभं राहून माल लावता यावा म्हणून, असं उत्तर मिळतं. पण टोमॅटोचा हिशोब बघा. बाजारातलं नेहमीचं प्लास्टिकचं कॅरेट तुमच्या हौद्यात एका थरात एकवीसच्या आसपास बसतं. ५९ कॅरेट म्हणजे तीन थरही पूर्ण होत नाहीत, आणि तीन थरांची उंची तीन फुटांच्या आतच राहते. वरची अडीच फूट हवा तुम्ही पत्र्याने झाकून फिरवणार. कोथिंबीर, मेथी, पालक हलकी असतात, त्यांना उंची लागते, तरी साडेचार फूट पुष्कळ. रिकामी जागा उरली की ती भरण्याचा मोह होतोच, आणि बॉडी उंच झाली की स्प्रिंगचे पाटे बदलून जास्त माल घालणारे मी खूप पाहिलेत. ओव्हरलोडला कायद्याने आता २०,००० रुपये दंड आहे, वर जादा टनामागे २,००० रुपये. शिवाय माळशेजच्या वळणावर गाडीचा तोल किती उंचीवर आहे हे सुकाणू धरणाऱ्यालाच कळतं. छताचं वजन सगळं वरच्या बाजूला असतं, उंची एक फूट कमी केली की वजन आणि तोल दोन्ही सुधारतात.

भाजीवाल्यांच्या गाडीत सगळ्यांत जास्त नुकसान करतो तो हवेचा प्रश्न, आणि त्याबद्दल विचारतं सगळ्यांत कमी लोक. तोडलेली भाजी जिवंत असते. ती श्वास घेते, उष्णता आणि वाफ सोडते. ताडपत्रीच्या फटींतून ती वाफ निघून जाते, म्हणून आजवर तुम्हाला त्रास झाला नाही. तोच माल पत्र्याच्या बंद पेटीत घातला आणि वाशीच्या गेटवर दोन तास रांगेत उभं राहावं लागलं, की कोथिंबिरीच्या जुड्या आतून गरम होऊन पिवळ्या पडतात. हिवाळ्यात उलट प्रकार होतो. बाहेरचा पत्रा गार, आत भाजीची वाफ, पहाटे छताच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि थेंब थेंब मालावर गळतं. मालकाला वाटतं छत गळतंय, तो वरून सिलिकॉन फासत बसतो, आणि पाणी आतलंच असतं.

म्हणून तुमच्या गाडीसाठी माझा सल्ला असा. वर पक्कं छत, पुढे केबिनच्या मागे पक्की पत्र्याची भिंत, मागे कुलूप लागणारी दोन झडपांची दारं, पण दोन्ही बाजूंना फाळक्याच्या वर पत्रा नको. तिथे एक इंच चौकटीची वेल्डमेश जाळी लावा, आणि जाळीच्या बाहेरून वर गुंडाळता येणारा ताडपत्रीचा पडदा, त्याच्या खालच्या काठात पाइप घातलेला. भाजी नेताना कोरड्या हवेत पडदा वर ठेवायचा. पाऊस असेल किंवा येताना खत-किराणा असेल तर खाली सोडून बांधायचा. चोराने पडदा कापला तरी समोर जाळी येते, हात आत जात नाही. आतली उंची साडेचार फूट, म्हणजे फाळक्याच्या वर तीन फूट. छत आणि भिंत ०.८ मिलिमीटरच्या नालीच्या रंगीत जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याची, सांगाडा जीआय चौकोनी पाइपचा. हे सगळं जाळी-पडद्यासकट १४० किलोत बसतं. बंद बॉडीपेक्षा शंभर किलो कमी, म्हणजे दर खेपेला चार-साडेचार कॅरेट परत तुमच्या हातात. खर्चही दोन्ही अंदाजपत्रकांपेक्षा कमीच येईल.

इथून पुढे काम कसं करून घ्यायचं ते सांगतो. माझ्या अनुभवात गळक्या छतांचं कारण बहुतेक वेळा बांधणीत असतं, धातूत नसतं.

छत सपाट ठेवू देऊ नका. मधोमध एक ते दीड इंच उंच आणि दोन्ही बाजूंना उतार हवा, नाहीतर पाणी साचून पत्रा खाली बसतो आणि मग आणखी साचतं. पत्र्याचे दोन तुकडे जोडायचे असतील तर पुढचा तुकडा मागच्याच्या वर चढवायचा. कौलं शाकारताना आपण वरचं कौल खालच्यावर घेतो, तसंच. फक्त गाडीला पाणी वरून येतं त्यापेक्षा समोरून जास्त जोरात येतं. उलटा सांधा झाला तर साठच्या वेगाने पाऊस थेट फटीत शिरतो. छतावर स्क्रू शक्यतो नकोच. पत्रा चारही बाजूंनी दोन इंच खाली दुमडून घ्यायचा आणि रिव्हेट त्या उभ्या घडीत मारायचे. मागच्या दारांच्या वर पन्हाळ लावून घ्या. साधी अर्ध्या इंचाची पट्टी असते, पण ती नसेल तर दार उघडलं की छतावरचं सगळं पाणी माणसाच्या मानेवर आणि पहिल्या रांगेच्या मालावर पडतं. पत्रा आणि पाइप यांच्यामध्ये सीलंटची रेघ मारायला सांगा, त्याने पाणी अडतंच, आणि रिकाम्या गाडीची धडधडही निम्म्याने कमी होते.

जीआय पाइपला वेल्डिंग केलं की सांध्यावरचं जस्त जळून जातं, आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो. प्रत्येक सांधा तारेच्या ब्रशने घासून त्यावर जस्त असलेला प्रायमर लावलाय का, हे रंग मारण्याआधी स्वतः जाऊन बघा. वरून रंग बसल्यावर काहीच दिसत नाही. उभ्या पाइपांची वरची तोंडं बंद करून घ्या आणि तळाशी बारीक भोक ठेवायला सांगा. पाइपात शिरलेलं पाणी बाहेर पडलं नाही तर तो आतून कुजतो, आणि बाहेरून रंग शाबूत असतानाच एक दिवस तुटतो. खत तुम्ही वाहता, त्यात पोटॅश असतं. ते मीठच आहे आणि ओल धरून ठेवतं. खताची खेप झाली की हौद्याचे कोपरे आणि सांगाड्याचे पाय पाण्याने धुवायचे.

बसवण्याबाबत दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, छत केबिनला कुठेही जोडायचं नाही. केबिन रबरी माउंटवर बसलेली असते, हौदा चेसिसवर, आणि खड्ड्यात दोघं वेगवेगळे हलतात. मध्ये दोन-तीन इंच मोकळे ठेवा. दुसरी, चेसिसला वेल्डिंग नाही, म्हणजे नाही. सांगाड्याचे पाय हौद्याच्या कोपऱ्यांतल्या खांबांना आणि खालच्या आडव्या चॅनलना बोल्टने धरायचे, लॉक नट लावून, मोठ्या वॉशरवर. फाळक्याच्या काठावर छत टेकवलं तर फाळका पडणार नाही आणि बाजूने माल उतरवणं कायमचं बंद होईल. हौद्यावर कुठेही वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी बॅटरीची वायर काढायला लावा, आजच्या गाड्यांतला कंट्रोल युनिट वेल्डिंगच्या करंटने जातो. पहिल्या चारशे-पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

जाळी किंवा पत्रा माल धरून ठेवतो असं समजू नका. जोरात ब्रेक लागला की सगळी कॅरेट पुढच्या भिंतीवर येतात. त्या भिंतीला आतून दोन आडवे पाइप जादा द्या, आणि कॅरेटना पट्टा बांधायचाच.

आता कागदपत्रं. याकडे दुर्लक्ष केल्याने मी गिऱ्हाइकांना अडकलेलं पाहिलंय. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि बॉडीचा प्रकार नोंदलेला असतो. छत पक्कं केलं की दोन्ही बदलतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ नोंदींशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं स्पष्ट केलंय. ‘बोल्टवर बसवलंय, सुटं आहे, काही होत नाही’ असं फॅब्रिकेटर सांगेल. त्याच्या शब्दावर जाऊ नका. काम सुरू करण्याआधी तुमच्या आरटीओत लांबी-रुंदी-उंचीचा साधा आराखडा आणि अंदाजे वजन घेऊन जा, काय चालेल ते विचारा, लागेल ती परवानगी आणि आरसीवरची नोंद करून घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअर पहिली नजर आरसीत नसलेल्या गोष्टींवर टाकतो. नवी गाडी घेणाऱ्यांनी तर बॉडीचा निर्णय नोंदणीच्या आधीच घ्यावा, सगळं सोपं जातं. आणि छत बसल्यावर मागचे दिवे, नंबरप्लेट, परावर्तक पट्ट्या झाकल्या जात नाहीत ना, हे रात्री लांबून उभं राहून बघा.

ज्यांच्याकडे व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारखी डबल केबिनची गाडी आहे, त्यांचं गणित वेगळं. हौदा छोटा, उपयोग सामान आणि प्रवासाचा. तिथे भोकं न पाडता हौद्याच्या काठाला क्लॅम्पने धरणारी तयार कॅनॉपी घ्यावी आणि पैसे चांगल्या रबर सीलवर घालावेत. त्यांची तक्रार असते ती धुळीची. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागच्या दाराच्या फटीतून धूळ आत ओढली जाते. पुढच्या बाजूला वर एक छोटी झडप ठेवून हवा आत घेतली की आतला दाब वाढतो आणि धूळ बाहेर राहते. तुमच्या जाळीच्या छताला हा प्रश्न येणार नाही, पण पडदे खाली सोडून कच्च्या रस्त्याने किराणा आणताना पुढचा कोपरा थोडा उघडा ठेवा.

रंग पांढराच घ्या. एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या आणि गडद छताखालचा फरक हात लावल्यावर कळतो.

गाडी ताब्यात घेण्याआधी दोन तपासण्या करा. काम सुरू होण्यापूर्वी रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन पावती घ्या, काम झाल्यावर त्याच काट्यावर पुन्हा. डिझेल दोन्ही वेळा सारखंच असू द्या. फरक १५० किलोच्या वर गेला असेल तर पत्रा किंवा पाइप ठरल्यापेक्षा जाड लागलाय, तिथेच विचारा. मग गाडी वॉशिंग सेंटरला न्या, पडदे खाली सोडा, आत टॉर्च घेऊन एक माणूस बसवा, दारं लावा आणि समोरून, वरून, मागून पंधरा मिनिटं पाण्याचा मारा करा. आतल्याने जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करायची. मागच्या दाराला आतून उघडणारी कडी मी प्रत्येक गाडीला देतोच, कारण माल लावणारा पोरगा आत असताना बाहेरून दार लागल्याचं मी पाहिलंय. तुमचा फॅब्रिकेटर ती देत नसेल तर मागून घ्या, आणि पाणी सुरू करण्याआधी आत बसणाऱ्याला ती एकदा उघडून बघायला सांगा.